श्वासाची वार्ता

सन १८७९ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात अमेरिकेतील एक लहानशी हकीकत छापून आली. टेलिफोनचा शोध लागून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. एका घरी मध्यरात्री तान्हे मूल खोकू लागले. त्याची आई वयाने लहान, अननुभवी. बाळाला 'क्रूप' झाला, म्हणजे घसा सुजून श्वास कोंडू लागला, असे वाटून ती घाबरली. तिने टेलिफोनवरून आपल्या आईला उठविले. आजीने डॉक्टरांना उठविले. डॉक्टर अंथरुणातून उठून यंत्रापाशी आले आणि त्यांनी मुलाच्या आईला सांगितले, की बाळाला उचलून यंत्रापाशी धरा आणि त्याचा खोकला मला ऐकू द्या. बाळ खोकले. डॉक्टरांनी ते ऐकले, हा क्रूप नव्हे असा निर्वाळा दिला आणि एवढ्याशा गोष्टीसाठी घराबाहेर पडण्याचे नाकारले. आजीलाही त्यांनी अंथरुणातच राहण्याचा सल्ला दिला. सर्वांची काळजी मिटली. बाळाचा खोकला थांबला की नाही, हे मात्र त्या हकीकतीत आलेले नाही.

साप्ताहिकाने ही गोष्ट काहीशा विनोदाने सांगितली होती. परंतु रोगी एकीकडे, वैद्य दुसरीकडे आणि मध्ये केवळ एक तार, अशा स्थितीतील उपचाराची ही अगदी आरंभीची नोंद आहे. तो उपचार श्वसनाच्या विकारावरचा होता, हाही एक योगायोगच. त्या डॉक्टरांनी थोडे धाडसच केले असे म्हटले पाहिजे. त्यांच्या कानी खोकला पडला. परंतु बाळाचा चेहरा कसा दिसतो, श्वास घेताना त्याच्या बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते की काय, ओठांचा रंग कसा आहे, यांपैकी काहीच त्यांना दिसले नाही. तारेतून आवाज आला. बाळ आले नाही.

रोग्याची छाती तपासावयाची तर वैद्याने त्याच्याजवळ बसले पाहिजे, ही समजूत फार जुनी. पूर्वी वैद्य आपला कान प्रत्यक्ष रोग्याच्या छातीवर ठेवीत असत. सन १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रेने लेनेक या डॉक्टरांपुढे एक तरुण स्त्री रुग्ण म्हणून आली. तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. नुसत्या कानाने ऐकू आले असते त्याहून अधिक स्पष्ट ठोके ऐकू आले! पुढे त्यांनी सुमारे फूटभर लांबीची लाकडी नळी तयार केली, ती लावून शेकडो रुग्णांच्या फुप्फुसांचे आवाज टिपले आणि सन १८१९ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. आजच्या डॉक्टरांच्या गळ्यातील स्टेथोस्कोप तो हाच. वैद्य आणि रोगी यांच्यामध्ये तेव्हा प्रथमच फूटभर अंतर पडले आणि त्या अंतराने रोगाची पारख बिघडली नाही, उलट सुधारली. दुर्दैव असे, की इतरांची फुप्फुसे ऐकणारे लेनेक स्वतः क्षयाने, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारले.

परंतु फुप्फुसांचे खरे काम आवाजात नसते. माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला साधारणपणे बारा ते वीस वेळा श्वास घेतो. आत गेलेली हवा फुप्फुसांतील कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांपर्यंत पोहोचते. त्या कोशांच्या अतिशय पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात शिरतो आणि रक्तातील हिमोग्लोबिन नावाचे तांबडे द्रव्य त्याला उचलून शरीरभर नेते. विहिरीवरचे रहाटगाडगे ज्याने पाहिले असेल त्याला हे चटकन समजेल. गाडगी विहिरीत बुडतात, भरून वर येतात, पन्हाळीत रिकामी होतात आणि पुन्हा खाली जातात. फुप्फुस ही विहीर, शरीर हे शेत आणि हिमोग्लोबिन ही गाडगी. आता समजा, वर येणारी शंभर गाडगी मोजली. त्यांपैकी भरलेली किती? निरोगी माणसाच्या बाबतीत ही संख्या बहुधा पंचाण्णव किंवा त्याहून अधिक असते. तीच प्राणवायूची पातळी. विहिरीचे पाणी आटू लागले, म्हणजे फुप्फुसे सुजली किंवा कफाने भरली, तर अर्धवट भरलेली गाडगी वर येऊ लागतात आणि शेताला ओढ बसते.

अडचण अशी, की रहाटाचा आवाज पूर्वीसारखाच येत राहतो. पातळी घसरत असता शरीर नेहमीच ओरडत नाही. ओठ आणि नखे निळसर दिसू लागतात, पण ती खूण उशिरा उमटते. नेमके मोजावयाचे तर मनगटाच्या धमनीत सुई खुपसून रक्त काढावे लागे आणि ते प्रयोगशाळेत पाठवावे लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंच उडणाऱ्या वैमानिकांसाठी कानाच्या पाळीला लावण्याचे एक यंत्र निघाले होते. परंतु ते वापरणे कटकटीचे असल्याने रुग्णांच्या खाटांपर्यंत ते फारसे पोहोचले नाही.

ही अडचण सोडविली ती जपानमधील एका अभियंत्याने. ताकुओ आओयागी यांचा जन्म सन १९३६ चा, नीगाता प्रांतातला. तोकियोतील निहोन कोहदेन या कंपनीत ते काम करीत. हृदय दर मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते, हे मोजण्याचा त्यांचा प्रयत्न चालला होता. शिरेत एक रंग सोडावयाचा, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवावयाचा आणि रंग किती वेगाने विरतो ते पाहावयाचे, अशी ती रीत होती. परंतु कागदावर उमटणारी रेषा सरळ येईना. प्रत्येक ठोक्यागणिक ती थरथरे. नाडीची ही थरथर म्हणजे कामातला अडथळा होता आणि तो घालविण्यासाठी आओयागी यांनी निरनिराळे उपाय करून पाहिले.

ते करीत असताना त्यांच्या ध्यानात आले, की हा अडथळाच मोलाचा आहे. प्रकाश कानातून जातो तेव्हा वाटेत कातडी लागते, मांस लागते, संथ वाहणारे अशुद्ध रक्त लागते. या सर्वांमुळे प्रकाश थोडा अडतो, पण नेहमी सारखाच अडतो. थरथरते ते फक्त धमनीतील ताजे रक्त. म्हणून प्रकाशाचा जेवढा भाग ठोक्याबरोबर बदलतो, तेवढाच लक्षात घ्यावा. बाकीचा सोडून द्यावा. मग दोन प्रकारचे प्रकाश पाठवावेत, एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायूने भरलेले रक्त लालभडक असते. ते तांबड्या प्रकाशाला बऱ्याच प्रमाणात वाट देते. प्राणवायू कमी असलेले रक्त काळपट असते; ते तांबडा प्रकाश अधिक गिळून टाकते. दोन्ही प्रकाशांची तुलना केली की शंभरांपैकी किती गाडगी भरलेली आहेत ते कळते. सुई नको, रक्त नको, प्रयोगशाळा नको. ही कल्पना त्यांनी सन १९७४ मध्ये जाहीर केली. पुढे इतरांनी हे यंत्र कानावरून बोटावर आणले, लहान केले, स्वस्त केले. आज त्याला पल्स ऑक्सिमीटर म्हणतात. दोरीवरच्या कपड्यांना लावतात त्या चिमट्याएवढे ते असते.

प्रारंभी हे यंत्र शस्त्रक्रियेच्या खोलीत आणि अतिदक्षता विभागात वावरत होते. ते घराघरांत शिरले सन २०२० मध्ये. त्या वर्षीच्या ९ मार्च रोजी महाराष्ट्रातील पहिले कोरोना रुग्ण पुण्यात आढळले आणि पाहता पाहता साथ सर्वत्र पसरली. या रोगाची एक रीत डॉक्टरांना चकित करणारी होती. रुग्ण चालत येई, नीट बोले, मला फारसा त्रास नाही म्हणे. आणि यंत्र लावून पाहावे तो पातळी ऐंशीच्या घरात! याचे एक कारण शरीराच्या रचनेतच आहे. धाप लागल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः होते ती प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे, तर कर्बवायू साचल्यामुळे. या रोगात पुष्कळांचा कर्बवायू बाहेर जात राही, प्राणवायू मात्र आत येत नसे. शरीराचा पहारेकरी एकाच दरवाजाकडे पाहत बसला होता आणि दुसऱ्या दरवाजाने चोरी होत होती. असे रुग्ण घरीच राहिले आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत अनेकांच्या बाबतीत उशीर झाला.

सर्वांना रुग्णालयात ठेवणे शक्य नव्हते, तसे करण्याची गरजही नव्हती. बहुसंख्य रुग्ण घरीच बरे होत होते. प्रश्न एवढाच होता, की त्यांतून बिघडू लागलेला रुग्ण वेळीच कसा ओळखावा? येथे बोटावरचा तो चिमटा उपयोगी पडला. इंग्लंडमध्ये सन २०२० च्या नोव्हेंबरपासून ज्यांना धोका अधिक अशा रुग्णांच्या घरी ऑक्सिमीटर आणि नोंदीची एक वही देण्याची योजना सुरू झाली. रुग्णाने दिवसातून तीनदा आकडा पाहावयाचा आणि लिहावयाचा. दवाखान्यातून ठरलेल्या दिवशी फोन यावयाचा. पातळी ९५ किंवा अधिक असेल तर घरी राहावे. ९३ किंवा ९४ झाली तर डॉक्टरांना कळवावे. ९२ किंवा त्याखाली गेली तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. नियम एवढाच होता. पण साथीच्या गोंधळात घाबरलेल्या माणसाला असा एवढासा नियम हाच मोठा आधार असतो.

महाराष्ट्रात १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. आरोग्य कर्मचारी, आशा सेविका व स्वयंसेवक तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेले. ज्यांनी ते यंत्र पूर्वी कधी पाहिलेही नव्हते अशा आजीआजोबांनी ओट्यावर बसून बोट पुढे केले. पुढे सन २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसऱ्या लाटेत रुग्णालयांतील खाटा भरल्या आणि प्राणवायूचाही तुटवडा पडला, तेव्हा घरी थांबलेल्या रुग्णांना आणखी एक परीक्षा सांगण्यात आली. प्रथम बोटावर यंत्र लावून आकडा पाहावा, मग घरातल्या घरात सहा मिनिटे चालावे आणि पुन्हा आकडा पाहावा. बसल्या जागी ठीक असलेली पातळी चालल्यावर घसरली तर फुप्फुसांवर ताण आला आहे असे समजावे व डॉक्टरांना विचारावे. ताकुओ आओयागी यांना हे सारे पाहावयास मिळाले नाही. साथ जगभर पसरत असतानाच, १८ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

यंत्र आकडा दाखविते, म्हणून तो आकडा खराच असतो असे मात्र नाही. हात गार पडलेले असतील, बोट हलत असेल, नखाला गडद नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. म्हणून मोजण्यापूर्वी थोडा वेळ स्वस्थ बसावे, हात चोळून ऊबदार करावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. याहून गंभीर गोष्ट सन २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने पुढे आणली. कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत, रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात कमी असताना यंत्राने तो पुरेसा दाखविला असे प्रसंग गोऱ्या रुग्णांच्या मानाने सुमारे तिप्पट आढळले. कातडीचा रंगही प्रकाश अडवितो, हे त्याचे कारण. जे यंत्र सर्वांच्या बोटांवर बसते, ते सर्वांच्या बोटांवर तपासून पाहावयास हवे होते. जेथे सावळ्या वर्णाची माणसेच बहुसंख्य आहेत अशा आपल्या देशाने तर ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे.

आणि आकडा खरा असला, तरी त्याचा अर्थ माणसागणिक बदलतो. बरीच वर्षे विडी ओढलेला, किंवा चुलीच्या धुरात ज्याचे आयुष्य गेले असा एखादा वृद्ध रुग्ण घ्या. अशांपैकी अनेकांना फुप्फुसांचा जुनाट विकार जडतो. श्वासनलिका अरुंद होतात. या विकारात काही रुग्णांची पातळी बरी असतानाही नव्वदीच्या आसपासच असते, आणि त्यांना नळीने प्राणवायू देताना ती ८८ ते ९२ च्या दरम्यान राखण्याचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. अधिक दिल्यास अपाय होण्याचा संभव असतो. म्हणजे जो आकडा एकाच्या घरी धोक्याची घंटा वाजवील, तोच दुसऱ्याच्या घरी नेहमीचा. हे कोणी ठरवावयाचे? यंत्र ठरवू शकत नाही. त्या रुग्णाची कालची, परवाची, गेल्या महिन्याची नोंद ज्याच्यापुढे आहे, त्या जाणत्या माणसानेच ते ठरविले पाहिजे. दम्याच्या रुग्णांसाठी सन १९५९ मध्ये इंग्लंडचे बेसिल मार्टिन राइट यांनी जोराने फुंकर मारून श्वासाचा वेग मोजण्याचे एक साधन तयार केले. त्याची सुटसुटीत आवृत्ती आता घरोघरी वापरता येते. तेथेही डॉक्टर पाहतात ते हेच, की या माणसाची आजची फुंकर त्याच्याच चांगल्या दिवसातल्या फुंकरीच्या मानाने किती उणी आहे.

श्वसनाचे सगळेच विकार तासांच्या हिशेबाने चालत नाहीत. क्षयरोगाचा उपचार साधारणतः सहा महिने चालतो, आणि तेथे भीती असते ती गोळ्या मध्येच सोडून देण्याची. महिना-दोन महिन्यांत खोकला कमी होतो, बरे वाटू लागते आणि रुग्ण कंटाळतो. मग उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून रुग्णाने केंद्रावर यावे आणि सेविकेसमोर गोळी गिळावी अशी पद्धत होती. मजुरी बुडवून रोज कोण येणार? सन २०१५ च्या सुमारास भारतात '९९ डॉट्स' नावाची एक युक्ती वापरात आली. गोळ्यांच्या पाकिटावर एक कागदी वेष्टन असे. गोळी बाहेर काढली की तिच्यामागे दडलेला फोन क्रमांक दिसे. रुग्णाने त्या क्रमांकाला फोन लावावयाचा, त्याला एक पैसाही पडत नसे. कोणता क्रमांक निघेल हे आधी ठाऊक नसल्यामुळे, फोन आला म्हणजे गोळी काढली असे समजावयाचे. साध्यातल्या साध्या फोनवरही हे जमत असे. आपल्याकडच्या 'मिस्ड कॉल'च्या सवयीचा असा उपयोग कोणी करील, हे कोणाच्या स्वप्नीही नसेल!

युक्ती सुंदर, पण गोळी काढणे वेगळे आणि गिळणे वेगळे. मुंबई, चेन्नई आणि वेल्लोर येथील रुग्णांची तपासणी करून सन २०२० मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झाले. घरी अचानक जाऊन लघवीची तपासणी केली, तेव्हा फोन लावूनही गोळी न घेतलेले काही जण सापडले. आणि गोळी नियमाने घेऊनही फोन न लावलेलेही सापडले. कोणाच्या हाती फोन नव्हता, कोणाच्या वस्तीत संपर्क मिळत नव्हता. यादीतील रिकामी चौकट पाहून त्या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला आळशी ठरविणे किती अन्यायाचे झाले असते! रिकामी चौकट दिसली तर घरी जाऊन पाहावे, एवढाच तिचा अर्थ.

आता दूरच्या डॉक्टरांशी बोलण्याच्या सोयी पुष्कळ वाढल्या आहेत. भारत सरकारची 'ई-संजीवनी' ही सेवा सन २०१९ मध्ये सुरू झाली; सन २०२० च्या एप्रिलपासून रुग्णाला घरूनही तिचा लाभ घेता येऊ लागला आणि सन २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत तिच्याद्वारे दहा कोटींहून अधिक सल्ले दिले गेले. खेड्यातील उपकेंद्रात रुग्णाशेजारी आरोग्य कर्मचारी बसतात, पडद्यावर दूरच्या शहरातील डॉक्टर दिसतात. छातीचा आवाज विजेच्या साह्याने दूर पाठविणारे स्टेथोस्कोपही निघाले आहेत.

तरीही श्वासाचा रुग्ण फोनवर आला, म्हणजे अनुभवी डॉक्टर आकडा विचारण्याच्या आधी त्याला बोलू देतात. तुम्हांला काय होते ते तुमच्याच शब्दांत सांगा, असे म्हणतात आणि ऐकत राहतात. वाक्य एका दमात पुरे होते, की मध्येच तुटते? दोन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो काय? मग ते विचारतात, काल जे करता येत होते ते आज येते का? काल आंघोळीचे पाणी स्वतः आणलेत. आज आणलेत का? काल जिना चढलात. आज किती पायऱ्यांवर थांबलात? त्यानंतर बोटाला चिमटा लावावयास सांगतात. आकडा ९६ आला, आणि वाक्य मात्र तुटत असेल, तर ते फोन ठेवीत नाहीत. घरात दुसरे कोण आहे ते विचारून, रुग्णाला घेऊन लगेच निघा, असे त्याला सांगतात.